गुलमर्गचा चार दिवसांचा ॲव्हलांच कोर्स: पैसे वसूल, फक्त बॅटरीचे सेल स्वतःचे न्या

सुरुवातीलाच सांगतो, कंपनीचं नाव टाकत नाहीये. खाली कौतुक आहे तशा तक्रारीपण आहेत, आणि ही काही मोठी कंपनी नाही, तीन लोकल गाईड आणि सीझनपुरता येणारा एक इन्स्ट्रक्टर एवढाच कारभार, उगाच एका रिव्ह्यूने कोणाच्या पोटावर पाय नको. गुलमर्गला असे कोर्स देणारे बरेच लोक आहेत, हे वाचून तुम्ही कुठेही गेलात तरी काय विचारायचं ते कळेल, तेवढा उपयोग समजा.

माझ्याबद्दल थोडं, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. पुण्याचा, वीसेक वर्षं सह्याद्रीत भटकतोय, हिमालयात उन्हाळ्यातले पाच-सहा ट्रेक झालेत, स्की अजिबात येत नाही, गुडघे चाळिशीचे. मागच्या वर्षी उत्तराखंडात एका ग्रुपबरोबर पहिल्यांदाच हिवाळी ट्रेक केला. तिथे एका मोठ्या उताराच्या बरोब्बर खाली, सपाट जागा आणि छान ऊन बघून आम्हा अठरा जणांना जेवायला बसवलं. डबे उघडले, मी सहज वर बघितलं तर वरचा अख्खा पट्टा बोडका, एक झाड नाही, आणि कडेला जी झाडं होती त्यांच्या फक्त चढाच्या बाजूच्या फांद्या गायब. लीडरला विचारलं की वरून बर्फ येतो का इथे, तर म्हणाला, सर इधर कभी नहीं आता, टेन्शन मत लो. मी टेन्शन घेतलं नाही, पराठा खाल्ला. घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की वरच्या अंगाच्या फांद्या नसलेली झाडं म्हणजे इथे येऊन गेलंय याची पावतीच असते. तो पराठा अजून पचलेला नाही.

तर हा ॲव्हलांचचा, म्हणजे हिमस्खलनाचा, कोर्स त्या पराठ्यामुळे. फेब्रुवारीत केला, चार दिवस, आठ जणांची बॅच, त्यात पाच जण स्कीवाले आणि आम्ही तिघं स्नोशूवाले, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली रुंद चौकटी बांधून चालणारे (मी, माझा एक ट्रेकमित्र आणि बंगळुरूचा एक जण). स्की येत नसेल तरी चालेल का हे मी तीनदा विचारून घेतलं होतं, हो चालेल म्हणाले. चाललं, पण कसं ते पुढे.

जायचं कसं हे सगळ्यांना माहीत असतं तरी दोन गोष्टी. एक म्हणजे आपलं बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं, माझ्या मित्राला हे श्रीनगर एअरपोर्टवर कळलं आणि चार दिवस तो माझ्या हॉटस्पॉटवर जगला. दुसरं, सॅटेलाइट फोन किंवा ती खिशातली सॅटेलाइट मेसेजवाली यंत्रं परवानगीशिवाय आपल्या देशात नेऊ नका, परदेशात राहणारे आपले लोक सवयीने बॅगेत टाकून आणतात आणि एअरपोर्टवरच चौकशीत अडकतात. टंगमर्गपर्यंत नेहमीची गाडी, तिथून वर गुलमर्गचे बारा-तेरा किलोमीटर बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली गाडी, त्याचे वेगळे पैसे, घासाघीस तुमच्या तब्येतीवर.

पहिला दिवस पूर्ण खोलीत. एका दुकानाच्या वरची खोली, मधोमध बुखारी (लाकडावर चालणारी शेगडी), तिच्याजवळ बसणाऱ्याला घाम आणि दाराजवळ बसणाऱ्याला थंडी, आणि भिंतीवर प्रोजेक्टर. मला वाटलं होतं झोप येईल पण इन्स्ट्रक्टरने सुरुवातच अशी केली की झोप उडाली. त्याने नकाशावर गुलमर्गच्याच जागा दाखवल्या, आम्ही बसलो होतो तिथून खिडकीतून बोट दाखवता येईल अशा. खिलनमर्ग, 8 फेब्रुवारी 2010, आर्मीच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या ट्रेनिंगमधले 17 जवान गेले. 1 फेब्रुवारी 2023, गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरातलं हापतखुड, दोन पोलिश स्कीअर गेले, बाकीच्या बऱ्याच जणांना लोकल लोकांनी आणि पोलिसांनी मिळून काढलं. 22 फेब्रुवारी 2024, परत खिलनमर्गच्या बाजूला, एक रशियन. आणि मग उत्तराखंडातलं द्रौपदी का डांडा, 4 ऑक्टोबर 2022, उत्तरकाशीच्या नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचे शिकाऊ आणि ट्रेनर मिळून 27 जणांचे मृतदेह मिळाले आणि दोघं मिळालेच नाहीत. मग तो म्हणाला, बघा या यादीत टुरिस्ट कोण आहे? कोणीच नाही. जवान, ट्रेनर, वर्षानुवर्षं स्की करणारे. कोपऱ्यात बुखारीत लाकूड सारत बसलेला आमचा लोकल गाईड म्हणाला, साब, जिसको आता है वही तो ऊपर जाता है. झालं, पुढचे चार तास कोणी फोन काढला नाही.

थिअरी सगळी इथे लिहीत नाही पण जे डोक्यात बसलं ते सांगतो. आपल्या डोक्यात ॲव्हलांच म्हणजे वरून भुसभुशीत बर्फाचा लोंढा येतो, कोणीतरी ओरडलं म्हणून सुटतो वगैरे. ओरडल्याने सुटत नाही. माणसं मारणारा जो प्रकार आहे त्याला स्लॅब म्हणतात आणि तो मला वडीवरून समजला. ताटाला तूप लावून वडी थापली, वरून घट्ट झाली, सुरीने रेघ मारली आणि ताट तिरकं केलं की अख्खा तुकडा एकदम सुटतो ना, तसंच. वरचा थर घट्ट, वाऱ्याने दाबून बसवलेला, खाली एक कमजोर थर तुपासारखा, आणि ती सुरीची रेघ म्हणजे आपण. जीव गेलेल्या अपघातांमधल्या जवळजवळ 90 टक्के केसेसमध्ये तो बर्फ त्या माणसाने स्वतः किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी सोडवलेला असतो. हे ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट. बरं अशासाठी की म्हणजे हे टाळता येतं.

ताट किती तिरकं हवं? 30 ते 45 अंश, त्यातही 38च्या आसपास सगळ्यात वाईट. त्याहून सपाट असलं तर सहसा सुटत नाही, फार खडं असलं तर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा पडत राहतो. सोसायटीचा जिना तिशीच्या आसपास असतो, म्हणजे जिन्याएवढा किंवा त्याहून खडा उतार दिसला की कान टवकारायचे. आणि महत्त्वाचं म्हणजे तुम्ही स्वतः सपाटीवर आहात याला काही किंमत नाही, वर तसा उतार असेल तर तो खाली तुमच्यापर्यंत येतो. (पराठा.)

आता बुलेटिनचं. आपल्याकडे डीआरडीओची चंडीगढची संस्था आहे, डीजीआरई, आधी मनालीत सासे नावाने होती, ती हिमस्खलनाचा अंदाज काढते आणि मग आपत्ती व्यवस्थापनवाले तो पुढे पाठवतात, अमुक जिल्ह्यात 2400 मीटरच्या वर मध्यम धोका, असं. हे चांगलंच आहे पण ते अख्ख्या जिल्ह्याचं आहे, तुमच्या समोरच्या उताराचं नाही. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि गंमत अशी की युरोपातल्या नोंदी बघितल्या तर सगळ्यात जास्त माणसं पाच नंबरच्या दिवशी जात नाहीत, तीन नंबरच्या दिवशी जातात, कारण पाचला कोणी हॉटेलातून निघतच नाही आणि तीन म्हटलं की आपल्याला वाटतं पाचपैकी तीन म्हणजे काठावर पास.

दुसऱ्या दिवशी सामान वाटलं. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं, ही तीन प्रत्येकाकडे, हे तिन्ही नसतील तर एकाचाही उपयोग नाही. बीकन म्हणजे ट्रान्सीव्हर, अंगावर पट्ट्याने बांधायचं, जाकिटाच्या आतून, बॅगेत नाही, कारण बॅग वाहून जाऊ शकते. ते सतत 457 किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतं, कोणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापली यंत्रं सर्चवर टाकून त्याला शोधायचं. आणि इथेच पहिली तक्रार. मला दिलेल्या बीकनवर बॅटरी दाखवत होती 43 टक्के. मी म्हटलं नवीन सेल द्या, तर सामान देणारा म्हणाला चालतंय सर, चार दिवस आरामात जातात. चालत असेल भाऊ, पण आत्ताच तासभर तुम्हीच सांगितलंत ना की सीझनला कमी बॅटरीवर काढायचं नाही? दिले शेवटी, पण मागावे लागले, आणि बॅचमधल्या दोघांनी मागितले नाहीत ते त्याच बॅटरीवर फिरले. पाचशेचे सेल वाचवून काय मिळतं देव जाणे. तेव्हा साधे अल्कलाइन सेल, चांगल्या कंपनीचे, पुण्याहूनच न्या, रिचार्जेबल नकोत, ते शेवटी एकदम मान टाकतात आणि टक्के खोटे दाखवतात. मोबाईल बीकनपासून वीस सेंटिमीटर तरी लांब ठेवायचा आणि शोधताना तर पन्नास, म्हणजे छातीच्या खिशात फोन ठेवायची आपली सवय बंद. हीटरवाले ग्लोव्हजपण गोंधळ घालतात.

काही जणांच्या जाकिटावर तो रेको नावाचा छोटा टॅग असतो, माझ्यापण आहे, आणि विकत घेताना सेल्समनने असं सांगितलं होतं की जणू आता मी अमर. तो टॅग फक्त आरशासारखा आहे, त्याला शोधायचं यंत्र रेस्क्यू टीमकडे असतं, तुमच्या मित्राकडे नाही, आणि टीम येईपर्यंत वेळ गेलेली असते. वेळेचं गणित असं आहे की 15 मिनिटांत काढलं तर दहातले साधारण नऊ वाचतात, अर्धा तास उलटून गेला की तिघं. आता तर 10 मिनिटं धरून चाला म्हणतात. म्हणजे हेलिकॉप्टर वगैरे विसरा, जो शेजारी चालतोय तोच तुमचा रेस्क्यू. मी माझ्या ट्रेकमित्राकडे बघितलं. तो बुटाची लेस शोधत होता.

ड्रिलबद्दल मात्र या लोकांना पाचपैकी सहा देईन. कोंगडोरीच्या (गोंडोलाचं, म्हणजे रोपवेचं, मधलं स्टेशन) खालच्या अंगाला एका सपाट माळावर त्यांनी चालू बीकन टाकलेली सॅक आधीच पुरून ठेवली होती, आणि एकेकाला एकदम ओरडून, गेला गेला, तुझा मित्र गेला, पळ! माझी पहिली वेळ. यंत्रावर बाण आणि आकडा येतो, आकडा म्हणजे अंतर. बाण डावीकडे दाखवतोय म्हणून डावीकडे गेलो, मग तो उजवीकडे, मी यंत्र हलवलं, थोपटलं, शिव्या दिल्या. नंतर कळलं की सिग्नल सरळ रेषेत येतच नाही, शाळेत चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकून जी वाकडी रांगोळी व्हायची तशा रेषा असतात, बाण तुम्हाला त्या वाकड्या वाटेनेच नेतो, भरवसा ठेवून जायचं. शेवटच्या तीन मीटरमध्ये यंत्र बर्फाला टेकवून, सावकाश, अगदी इस्त्री फिरवल्यासारखं फिरवायचं, सगळ्यात छोटा आकडा मिळाला की तिथून प्रोब सुरू, गोलगोल, पंचवीस सेंटिमीटरच्या अंतराने. प्रोब सॅकला लागला ना, तो जो मऊ ठप्प हाताला लागतो तो विसरत नाही माणूस. जमीन लागली तर टणक लागते, हे वेगळंच.

आणि मग खणणं. सगळ्यांना वाटतं शोधणं अवघड, नाही हो, खणणं अवघड. प्रोब तसाच ठेवायचा आणि त्याच्या वर उभं राहून विहीर खणायची नाही, उताराच्या खालच्या बाजूने, थोडं मागून, आत शिरायचं, एक पुढे खणतो बाकीचे मागे ओढतात आणि दर मिनिटाला पुढचा बदलायचा. त्यांनी मुद्दाम पायाने तुडवून बर्फ घट्ट केला होता कारण खरा आलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो. मीटरभर खोल. मी एकट्याने सुरू केलं आणि दोन मिनिटांत जीभ बाहेर. एकूण वेळ 19 मिनिटं. इन्स्ट्रक्टरने घड्याळ दाखवलं आणि काहीच बोलला नाही, जा परत रांगेत एवढंच. दिवसभरात सहा वेळा केलं, शेवटी तिघांनी मिळून सव्वासहा मिनिटांवर आलो. प्लास्टिकचं फावडं हवंय कोणाला तर माझ्या मित्राच्या फावड्याचे दोन तुकडे फुकट मिळतील, मेटलचंच घ्या.

दुपारी पिट. छातीएवढा खड्डा खणून बर्फाची भिंत सरळ तासायची, आणि मग कळतं की बर्फ म्हणजे एक गोष्ट नाही, खडकाच्या थरासारखा अख्ख्या हिवाळ्याचा इतिहास असतो तो, डिसेंबर खाली, काल रात्र वर. गाईडने तळातून मूठभर बर्फ काढून माझ्या ग्लोव्हवर ठेवला. साबुदाणा! अक्षरशः न भिजवलेला साबुदाणा, दाणे सुटे, चकाकणारे, मूठ वळायला गेलो तर बोटांतून सांडला. असा साबुदाणा कसा तयार होतो तर सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि मग बरेच दिवस कोरडे, निरभ्र, कडाक्याची थंडी पडली की खालच्या थराचे असे दाणे होतात. त्यावर मग फेब्रुवारीत दोन-तीन फूट ताजा बर्फ पडला की झाली वडी तयार. लोक म्हणतात चिल्लई कलानला (21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, तिथल्या कडाक्याचे) बर्फ कमी पडला म्हणजे धोका कमी. उलट आहे.

मग तीस बाय नव्वद सेंटिमीटरचा खांब कापला, एका टोकावर फावडं ठेवून त्यावर हाताने थापा. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तेराव्या थापेला, म्हणजे कोपराच्या तिसऱ्या, त्या साबुदाण्याच्या थरावरून अख्खा खांब एका झटक्यात सुटून खड्ड्यात माझ्या बुटांवर आला. आवाज नाही फारसा. पण वरचे सगळे नव्वद सेंटिमीटर एकदम, जिथे थापत होतो तिथपासून दुसऱ्या टोकापर्यंत. गाईडने खांबाकडे बघितलं, मग वर अफरवटच्या धारेकडे बघितलं, आणि काश्मिरीत इन्स्ट्रक्टरच्या मदतनिसाला काहीतरी म्हणाला. मी विचारलं काय म्हणाला, तर मदतनीस हसून म्हणाला, बोला कल चाय पिएंगे.

त्याचा अर्थ तिसऱ्या दिवशी सकाळी कळला. रात्रभर बर्फ, दारातली काठी चाळीस सेंटिमीटर बुडलेली, आणि वारा पश्चिमेचा, म्हणजे धारेपलीकडचा बर्फ उचलून अलीकडे आपल्या बाजूला आणून थापणारा. गोंडोलाचा दुसरा टप्पा, जो कोंगडोरीहून वर चार हजार मीटरच्या जवळ नेतो, तो बंद. प्रोग्रॅममध्ये त्या दिवशी वरची टूर छापलेली होती. गाईड म्हणाला वर नाही जायचं, गोंडोला दुपारी उघडला तरी नाही जायचं, आज खालच्या जंगलात पंचवीस अंशांच्या आतले उतार. झालं, स्कीवाल्यांपैकी दोघं तापले, दिल्लीहून आलेले, आम्ही पैसे पावडरसाठी (वरच्या ताज्या भुसभुशीत बर्फासाठी) भरलेत जंगलात फिरायला नाही, दुसऱ्या कंपनीची माणसं बघा चालली, आणि ते खरं होतं, दोन-तीन ग्रुप लायनीत उभे होतेच. रिफंडची भाषा झाली. गाईड अजिबात चिडला नाही, त्याने त्यांना हाताला धरून हॉटेलच्या मागच्या एका छोट्या टेकाडावर नेलं, घरापेक्षा उंच नसेल, आणि वरून एक उडी मारली. टेकाडाच्या तोंडावर वीतभर रुंद रेघ उमटली, आडवी, सरळ, पट्टी लावून काढल्यासारखी, आणि तिच्या खालचा बर्फ पाच-सहा फूट घसरून थांबला. यहाँ छह फुट, ऊपर छह सौ, एवढंच म्हणाला. मग चहा आला. नून चहा, मिठाचा, मला अजून जमत नाही तो.

मी इतके वर्षं ट्रेक करतोय, लीडरने पैसे घेतलेल्या क्लायंटला तोंडावर नाही म्हटलेलं मी फार कमी बघितलंय. मला विचाराल तर कोर्सची अर्धी फी त्या सकाळची होती.

जंगलात मात्र मजा आली, देवदारांमधून गुडघाभर बर्फात, आणि तिथेही शिकवणं चालूच, की झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांमुळे पोकळ खड्डा राहतो, त्यात डोकं खाली पडलात तर एकट्याला निघता येत नाही. एका मोकळ्या जागी मी पाय टाकला आणि शेजारच्या खोलीत कोणी धान्याचं पोतं टाकावं तसा धप्प आवाज आला, पायाखालचं सगळं बोटभर खाली बसलं. सपाट होतं म्हणून काही झालं नाही. खालचा साबुदाणा बसला तो आवाज. हाच आवाज तीस-पस्तीस अंशांवर आला तर रिव्ह्यू लिहायला मी नसतो.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. आपली सह्याद्रीची अक्कल तिथे उलटी चालते. आपण काय करतो, गडावर चढायला-उतरायला नाळ शोधतो, घळ शोधतो, दोन्ही बाजूंना आधार, पडलो तरी लांब नाही जाणार, वारा नाही, गावकरीपण तिथूनच जातात. बर्फात घळ म्हणजे सापळा, थोडासा बर्फ आला तरी सगळा तिथेच भरतो आणि माणूस खोल गाडला जातो. तिथे सोंडेवरून, धारेवरून जायचं, भणभण वारा खात, आणि धारेच्याही अगदी टोकावर नाही कारण पुढे बर्फाचा सज्जा हवेत लटकलेला असतो. आमच्या गाईडने सांगितलं हापत म्हणजे अस्वल, तेव्हा माझ्या डोक्यात हापतखुडचं नाव अस्वलाची घळ असंच बसलं, आणि नकाशावर तिचा आकार बघून मी मनात म्हटलं होतं की काय मस्त वाट आहे उतरायला. खरंच म्हटलं होतं.

दुसरं म्हणजे घोळका. आपण मराठी माणसं चालतो कशी, एकमेकांना चिकटून, गप्पा मारत, मागच्याला राजगडाच्या गोष्टी सांगत. शंकेचा उतार एकेकट्याने पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्याकडे बघत राहायचं, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे, पलीकडे पोचला की मग दुसरा. चौथ्या दिवशी, आभाळ मोकळं झाल्यावर, हे सगळं आम्ही एका छोट्या टूरवर केलं, आणि सुरुवातीला गाईड पुढे जाऊन उभा राहिला, प्रत्येक जण त्याच्यासमोरून एकेक करून गेला आणि त्याने प्रत्येकाचं बीकन चालू आहे का ते स्वतःच्या यंत्रावर ऐकलं. आठपैकी एकाचं बंद निघालं. कोणाचं ते सांगत नाही, लेस शोधणारा तोच.

तक्रारी उरलेल्या पटापट. स्की आणि स्नोशूची एकच बॅच नको, ते पाच मिनिटांत खाली आणि आम्ही पाऊण तास तंगड्या ओढतोय, ते थंडीत ताटकळतायत आणि आम्हाला अपराधी वाटतंय, दोन गाईड असताना दोन गट का नाही केले कळत नाही. स्लाइड सगळ्या युरोपातल्या, आल्प्सचे फोटो, गुलमर्गच्या अर्ध्या तासानंतर परत तेच. माझ्या एका स्नोशूचा पट्टा दोरीने बांधलेला होता. दुपारचं जेवण रोज थंड बटाट्याचं सँडविच, आणि तिथे वर गरमागरम राजमा-चावल मिळतो हो! हॉटेल त्यांच्या पॅकेजमधलं होतं, गरम पाणी सकाळी सात ते साडेसात, आणि आपला नंबर सव्वासातला. जीएसटीचं बिल मागितलं तर विषय बदलला.

गाईडांचं हिंदी उत्तम, इन्स्ट्रक्टरचं इंग्रजी भराभर, ज्यांना इंग्रजीची सवय नाही त्यांनी लोकल गाईडच्या शेजारी बसावं, तोच जास्त सांगतो.

कोणी करावा? स्कीवाल्यांनी तर करावाच, पण मला वाटतं हिवाळी ट्रेक करणाऱ्या आपल्या लोकांना जास्त गरज आहे. डिसेंबर ते मार्च पुण्या-मुंबईहून उत्तराखंड-हिमाचलला बसगाड्या भरून लोक जातात, बऱ्याच वाटा जंगलातून आणि सौम्य धारेवरून आहेत, तिथे धोका कमी असतो हेही खरं, पण कमी कुठे आणि जास्त कुठे हे कोण ठरवतंय ते विचारा ना. मी आता बुकिंगच्या आधी ट्रेकवाल्यांना फोन करून तीन प्रश्न विचारतो: जेवायला कुठे थांबता आणि त्याच्या वर काय आहे, जोरात बर्फ पडल्यावर किती तास थांबता, आणि मागच्या सीझनला किती वेळा बॅच परत फिरवली. तिसऱ्याचं उत्तर एकदाही नाही असं अभिमानाने आलं की मी थँक्यू म्हणून फोन ठेवतो. आत्तापर्यंत दोनदा ठेवलाय.

एका चार दिवसांच्या कोर्सने एक्सपर्ट होत नाही कोणी, ते त्यांनीच शेवटी बजावून सांगितलं, वर ड्रिल दर सीझनला परत करायचं. बीकन विकत घ्यायचं म्हटलं तर चांगलं तीन अँटेनावालं तीस हजारांच्या खाली पडत नाही, मी अजून घेतलेलं नाही, भाड्याचंच बघतो. ज्यांनी घेतलंय त्यांनी उन्हाळ्यात सेल काढून ठेवा, आत फुटले की यंत्र गेलंच.

तर पाचपैकी चार. एक तारा बॅटरीचा कापला, राजमा-चावलचा नाही कापला, मोठं मन. स्नोशूचं डिपॉझिट दोन हजार होतं, ते अकाउंटला टाकतो म्हणाले, महिना झाला, मी रोज सकाळी मेसेज टाकतो, रोज उत्तर येतं, सर आज भी ऊपर बर्फ है, नीचे आके करता हूँ.